मिस मार्जरी फ्राय आणि नुकसान सोसणारा मनुष्य

इंग्लंडांतील तुरुंगांच्या इतिहासांत फ्राय हें आडनांव दोनदां येतें. पहिल्या एलिझाबेथ फ्राय. न्यूगेटच्या तुरुंगांत जाऊन तेथील स्त्रियांस व त्यांच्या लेंकरांस ज्यांनीं वस्त्र, शिक्षण व काम दिलें, त्या ह्या बाई आमच्या वाचकांस ठाऊक आहेत. त्या १८४५ सालीं वारल्या. त्यानंतर एकोणतीस वर्षांनीं, ता. ११ मार्च १८७४ रोजीं, लंडन शहरीं त्याच आडनांवाच्या एका क्वेकर घराण्यांत सारा मार्जरी फ्राय ह्यांचा जन्म झाला. ह्यांचें नांव आमच्याकडे फारसें कोणी घेत नाहीं. ह्यांनींही आयुष्याचीं चाळीस वर्षें कैद्यांच्या कैवारांत वेंचलीं. परंतु हा लेख लिहिण्याचें कारण तें नव्हे. सत्तरी उलटून गेल्यावर ह्या बाईंनीं एक गोष्ट जगापुढें मांडली, आणि तीच पुढें अनेक देशांच्या कायद्यांत शिरली. ती अशी कीं, चोर, पोलीस, वकील, न्यायाधीश व तुरुंगाधिकारी ह्या सर्वांची व्यवस्था सरकारनें लाविली आहे. पण ज्याचें डोकें फुटलें किंवा ज्याचें घर लुटलें गेलें, त्या मनुष्याची व्यवस्था कोणीच लाविली नाहीं.

क्वेकर म्हणजे सोसायटी ऑफ फ्रेंड्स, अर्थात् मित्रमंडळी. हे लोक शपथ घेत नाहींत, युद्धांत शस्त्र धरीत नाहींत, आणि पुष्कळ ठिकाणीं पाळकावांचून, मौन धरून उपासना करितात. सतराव्या शतकांत ह्या मतांमुळें त्यांच्यांतील हजारों माणसें बंदींत पडलीं होतीं. त्यामुळें तुरुंग आंतून कसा असतो ह्याची आठवण त्या मंडळींत टिकून राहिली. मार्जरी ह्यांचे वडील सर एडवर्ड फ्राय हे १८७७ सालीं वरिष्ठ कोर्टाचे न्यायाधीश झाले व पुढें अपील कोर्टांत बसले. भाऊ रॉजर फ्राय हे चित्रकार व चित्रकलेचे टीकाकार म्हणून प्रसिद्धीस आले. घर मोठें, मुली पुष्कळ, शिस्त कडक. तशा घरांतून निघून १८९४ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, मार्जरी ऑक्सफर्ड येथील समरव्हिल कॉलेजांत गेल्या व तेथें तीन वर्षें गणित शिकल्या. त्या काळीं ऑक्सफर्ड विद्यापीठ स्त्रियांस शिकूं देई, परंतु पदवी देत नसे. ती त्यांस १९२० सालापासून मिळूं लागली. १८९९ सालीं मिस फ्राय त्याच कॉलेजाच्या ग्रंथपाल झाल्या, आणि १९०४ सालीं बर्मिंगहॅम विद्यापीठांतील मुलींच्या वसतिगृहाच्या मुख्य झाल्या. तेथें दहा वर्षें गेलीं. मिशनच्या बोर्डिंगांत ज्या बहिणी शिकल्या आहेत त्यांस हें काम काय असतें तें सांगावयास नको: अर्धें शिकविणें, अर्धें घर चालविणें, आणि रात्रीं कोणाला ताप आला तर दिवा घेऊन उठणें.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें. युद्धानें पीडलेल्यांस साह्य करण्यासाठीं क्वेकरांनीं एक कमिटी नेमिली, आणि १९१५ सालीं मिस फ्राय तिच्या कामास फ्रान्स देशांत मार्न नदीच्या प्रांतीं गेल्या. सैन्यें तेथून येऊन गेलीं होतीं व गांवेंच्या गांवें जळून पडलीं होतीं. लांकडी घरें उभारणें, बियाणें वांटणें, कोंबड्या व ससे पाळावयास देणें, आजाऱ्यांस औषधपाणी करणें, असें तें काम होतें. अमुक घर कोणत्या शिपायानें जाळलें ह्याचा शोध करीत कोणी बसलें नाहीं. तो लागता तरी त्या शिपायापासून घर परत थोडेंच मिळणार होतें! ज्याचें घर जळालें त्यास हिंवाळ्यापूर्वी छप्पर पाहिजे होतें. पुढें पस्तीस वर्षांनीं बाईंनीं जो विचार मांडिला त्याचें बीं ह्याच जमिनींत पडलें असावें, असें मला वाटतें. हें माझें अनुमान आहे; वाचकांनीं तें तेवढ्याच किंमतीचें समजावें.

युद्धाच्याच दिवसांत इंग्लंडांत दुसरी एक गोष्ट घडत होती. १९१६ सालीं सक्तीची लष्करभरती सुरू झाली, आणि शस्त्र धरण्यास नकार दिल्यामुळें पुष्कळ सुशिक्षित तरुण तुरुंगांत गेले. एकांत कोठडी, बोलण्यास बंदी, भिकार अन्न, हें सर्व त्यांनीं भोगिलें. तोंवर तुरुंगांतून सुटलेला मनुष्य तोंड उघडीत नसे, आणि उघडलें तरी त्याचें ऐकणार कोण? हे लोक मात्र लिहूं जाणत होते. त्यांनीं लिहिलें, सभांतून सांगितलें, आणि तुरुंगाच्या भिंतीआड काय चालतें तें सभ्य घरांतील मंडळींस प्रथमच कळलें. १९१८ सालीं मिस फ्राय तुरुंगसुधारणेच्या एका संघाच्या चिटणीस झाल्या. अठराव्या शतकांतील थोर तुरुंगसुधारक जॉन हॉवर्ड ह्यांच्या नांवानें चालणारी एक जुनी संस्था होती. १९२१ सालीं दोन्ही संस्था एक होऊन हॉवर्ड लीग निघाली, व तिचेंही चिटणीसपण बाईंकडेच आलें. त्या वेळीं त्या भाऊ रॉजर ह्यांच्यासह लंडनांत हॉलोवे नांवाच्या भागांत राहत होत्या, आणि स्त्रियांचा मोठा तुरुंग त्यांच्या घरासमोरच होता. १९२२ सालीं त्याच तुरुंगांतील स्त्रियांच्या शिक्षणाची देखरेख त्यांस सोंपविण्यांत आली. १९२३ सालच्या जानेवारींत त्या तुरुंगांत एका स्त्रीस फांशी दिली गेली. देहांत शिक्षेविरुद्ध मिस फ्राय अखेरपर्यंत झगडल्या. तो कायदा उठलेला पाहावयास त्या जगल्या नाहींत.

१९१९ सालच्या कायद्यानें इंग्लंडांत स्त्रियांस न्यायासनावर बसण्याची मोकळीक झाली, आणि १९२१ सालीं मिस फ्राय मॅजिस्ट्रेट झाल्या. अशा प्रकारें नेमल्या गेलेल्या पहिल्या स्त्रियांपैकीं त्या एक होत.

आतां मॅजिस्ट्रेटाच्या खुर्चींतून काय दिसतें तें पाहूं. कारण आमच्या तालुक्याच्या कोर्टांतही तेंच दिसतें. पिंजऱ्यांत आरोपी उभा असतो. त्याच्या बाजूला वकील. दुसऱ्या बाजूला सरकारी वकील व पोलीस. ज्याला मार बसला किंवा ज्याचें द्रव्य गेलें तो मनुष्य बाहेर बांकावर बसलेला असतो. त्याचें नांव पुकारलें कीं तो आंत येतो, शपथेवर साक्ष देतो, उलटतपासणींत दोन टोमणे खातो, आणि भत्ता मिळाला तर तो घेऊन घरीं जातो. निकाल काय लागला हें त्यास कोणी कळवीलच असा नेम नाहीं. गुन्हेगारास दंड झाला तर दंडाचे पैसे सरकारांत जमा होतात. गुन्हेगार तुरुंगांत गेला तर तेथें त्यास सरकारच्या खर्चानें जेवण मिळतें. आणि त्यानें ज्याचा हात मोडला तो घरीं उपाशी असला तरी कायद्याच्या दृष्टीनें न्याय पुरा झालेला असतो.

हें असें मुळापासून नव्हतें. ज्या केंट प्रांतांत ५९७ सालीं ऑगस्टिन सुवार्ता घेऊन आला, तेथील राजा एथेल्बर्ट ह्याचे कायदे आजही उपलब्ध आहेत. त्यांत दांत पाडला तर किती, आंगठा तोडला तर किती, जीव घेतला तर किती, हें नेमून दिलें आहे, आणि ती रक्कम ज्याला इजा झाली त्यास किंवा त्याच्या आप्तांस द्यावयाची होती. पुढें राजे बलवान् झाले. अपराध हा राजाच्या शांततेचा भंग होय असें ठरलें. मग राजानें आधीं भरपाईंत वांटा घेतला आणि हळूहळू दंड सगळाच घेतला. मोशेच्या नियमशास्त्रांत तर ही गोष्ट अधिकच स्पष्ट आहे: बैल चोरून मारला किंवा विकला तर एकास पांच, मेंढरूं असेल तर एकास चार, आणि तीं जनावरें धन्याकडे जावयाचीं. जक्कयानेंही चौपट परत करण्याचें कबूल केलें तें रोमी खजिन्यास नव्हे, तर ज्यांस त्यानें नागविलें होतें त्यांस. ह्या जुन्या रीती आपण विसरलों त्यांत आपलें नुकसान तर झालें नाहीं ना, असा प्रश्न मिस फ्राय ह्यांनीं विचारला. जुने दिवस परत आणावे असा त्यांचा हेतु नव्हता. आप्तांच्या वैरांत किती रक्त सांडत असे हें त्या चांगलें जाणत होत्या. भरपाईची कल्पना तेवढी त्यांस परत पाहिजे होती.

मधल्या वर्षांची हकीकत थोडक्यांत सांगतों. १९२६ सालीं त्या आपल्या जुन्या समरव्हिल कॉलेजाच्या प्रिन्सिपाल झाल्या व कांहीं वर्षें तेथें राहिल्या. १९३३ सालीं चीन देशांत व्याख्यानांसाठीं गेल्या. बी. बी. सी. ह्या रेडिओ संस्थेच्या नियामक मंडळावर होत्या, आणि रेडिओवरील चर्चांमुळें त्यांचा आवाज घरोघर ओळखीचा झाला. १९४८ सालीं इंग्लंडांत फौजदारी न्यायाचा नवा कायदा झाला. त्यानें कोर्टाच्या हुकमानें फटके मारण्याची शिक्षा उठविली. हॉवर्ड लीग ज्यासाठीं इतकीं वर्षें खपली होती त्यांतील पुष्कळ त्या कायद्यानें पदरीं पडलें. बाई तेव्हां चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. दुसरें कोणी असतें तर येथें थांबलें असतें.

परंतु जो मनुष्य आयुष्यभर कैद्यांची बाजू घेतो त्यास लोक एक प्रश्न नेहमीं विचारतात: तुम्हांस गुन्हेगाराची एवढी दया, मग ज्याला त्यानें बुडविलें त्याचें काय? पुष्कळ सुधारक ह्या प्रश्नानें चिडतात. मिस फ्राय ह्यांस त्यांत तथ्य दिसलें. १९५१ सालीं त्यांनीं शिक्षा व कायदा ह्यांविषयीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यांत अपराधानें पीडलेल्या मनुष्याची दाद लाविली पाहिजे असें लिहिलें. अप्रामाणिक मनुष्यानें घेतलेलें परत करूं लागणें हें त्याच्या सुधारणेचें पहिलें पाऊल होय, अशीही त्यांची समजूत होती. म्हणजे भरपाईनें दोघांचें हित होतें: घेणाऱ्याचें आणि देणाऱ्याचेंही.

तथापि गुन्हेगारानें द्यावें कोठून? ह्या ठिकाणीं बाईंची गणिताची विद्या कामास आली. १९५१ सालीं एका मनुष्यावर दोघांनीं हल्ला केला व त्यांत त्याचे डोळे गेले. कोर्टानें त्यास ११,५०० पौंड भरपाई ठरविली. रक्कम योग्यच होती. पण हल्ला करणारे दोघेही तुरुंगांतून सुटलेले गरीब लोक. त्यांनीं प्रत्येकीं आठवड्यास ५ शिलिंग द्यावे असा हुकूम झाला. आतां वाचकांनींच हिशेब करावा. त्या वेळच्या एका पौंडाचे २० शिलिंग होत; तेव्हां ११,५०० पौंडांचे २,३०,००० शिलिंग झाले. दोघांचे मिळून आठवड्यास १०. सर्व रक्कम फिटण्यास २३,००० आठवडे, म्हणजे ४४२ वर्षें! त्या आंधळ्या मनुष्याच्या हातीं कोर्टाचा निकाल होता, आणि तो निकाल पुरा होण्यास त्यास मथुशलहाच्या निम्म्या वयाइतकें जगावें लागणार होतें.

१९५७ सालच्या जुलै महिन्यांत मिस फ्राय ह्यांनीं लंडनच्या ऑब्झर्व्हर वर्तमानपत्रांत हें गणित मांडलें. तेव्हां त्या त्र्यायशीं वर्षांच्या होत्या. त्यांचें म्हणणें असें: कारखान्यांत यंत्रांत सांपडून मजुराचा हात गेला तर १९४६ सालच्या कायद्यानें त्यास विम्याचे पैसे मिळतात. तेथें धन्याची चूक होती कीं मजुराची, हें सिद्ध होईपर्यंत त्यास उपाशी ठेवीत नाहींत. मग रस्त्यावर गुंडानें तोच हात मोडला तर त्या मनुष्यानें काय अपराध केला? सरकार प्रजेस हत्यार बाळगूं देत नाहीं, आणि सूड घेऊं देत नाहीं. हें योग्यच आहे. परंतु संरक्षणाचें काम स्वतःकडे घेतल्यावर तें जेथें फसेल तेथला तोटा एकट्या पीडिताच्या डोक्यावर न टाकतां सर्वांनीं वांटून घ्यावा. गुन्हेगार सांपडो अथवा न सांपडो, त्याच्याजवळ पैसा असो अथवा नसो, घायाळाचें साह्य त्यावर अवलंबून नसावें. खोटे दावे येतील ही भीति दाखविणारे लोक होतेच. पण खोटे दावे विम्यांतही येतात, आणि तेथें डॉक्टर व चौकशी असते. तशी येथेंही ठेवतां येते.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यांत लुटारूंचा पाठलाग कोणी करीत नाहीं, हें आपल्या कधीं ध्यानांत आलें आहे काय? तें काम रोमी शिपायांचें. शोमरोनी घायाळाच्या जखमा बांधतो, त्यास उतारशाळेंत नेतो, आणि पुढील खर्चाचीही हमी घेतो.

ता. २१ एप्रिल १९५८ रोजीं मिस फ्राय लंडन येथें वारल्या. लेख प्रसिद्ध होऊन वर्षही झालें नव्हतें. १९५९ सालच्या फेब्रुवारींत ब्रिटिश सरकारनें तुरुंगांविषयीं जें निवेदन काढलें त्यांत ह्या सूचनेचा विचार करण्याचें मान्य केलें. मग समित्या बसल्या. इंग्लंडच्या समित्या बोलत असतां न्यूझीलंडानें १९६३ सालीं कायदाच करून टाकला, आणि १९६४ सालच्या आरंभापासून तो अंमलांत आला. ता. १ ऑगस्ट १९६४ पासून ब्रिटनांतही योजना सुरू झाली. पुढल्या वर्षीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानानें तशीच योजना काढली, व पाठोपाठ इतर देशांनीं. १९८५ सालीं संयुक्त राष्ट्रसंघानें अपराधानें पीडलेल्यांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला.

ब्रिटनची पहिली योजना निर्दोष नव्हती. भरपाई हा हक्क न मानतां सरकारची कृपा मानिली गेली. गुन्हा पोलिसांस कळविलेला असलाच पाहिजे अशी अट होती. आणि सर्वांत वाईट म्हणजे, मारणारा व मार खाणारा एकाच घरांत राहत असतील तर कांहींच मिळत नसे. अर्थात् नवऱ्यानें जिची हाडें मोडलीं ती बायको पंधरा वर्षें, १९७९ सालापर्यंत, ह्या दाराबाहेरच राहिली.

शिवाय पैसे मिळाले म्हणून सगळें मिळालें असें नव्हे. ज्याच्या घरीं चोरी होते त्यास पुष्कळ दिवस झोंप येत नाहीं. माझेंच घर कां? तो पुन्हां येईल काय? ह्या प्रश्नांस खजिना उत्तर देऊं शकत नाहीं. १९७४ सालीं इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरीं कांहीं लोकांनीं पीडितांच्या घरीं जाऊन बसण्याचें, त्यांचें ऐकण्याचें व कागदपत्रांस मदत करण्याचें काम सुरू केलें. ब्रिस्टल म्हणजे फ्राय घराण्याचेंच शहर. त्याच सालीं कानडा देशांत, आंटेरिओ प्रांतीं, किचनर शहराच्या कोर्टापुढें दोन तरुण उभे राहिले. दारूच्या धुंदींत एका रात्रीं त्यांनीं बावीस ठिकाणीं मोडतोड केली होती. मेनोनाइट मंडळीच्या एका सेवकानें न्यायाधीशास सुचविलें कीं, ह्यांस त्या घरांच्या दारांशीं पाठवावें. ते दारोदार गेले, आपण कोण व काय केलें तें सांगितलें, प्रत्येकाचें नुकसान किती तें विचारलें, आणि कांहीं महिन्यांत तें भरून दिलें. ह्यांतून जी रीत निघाली तीस आज पुनःस्थापक न्याय म्हणतात. १९८९ सालीं न्यूझीलंडानें अल्पवयी गुन्हेगारांसाठीं ती कायद्यांत घातली. तेथें मुलगा, त्याचे आप्त, नुकसान सोसणारा आणि पोलीस एकत्र बसून भरपाई ठरवितात, व ह्यांत माओरी लोकांच्या जुन्या चालीचा मान राखिला आहे. ही भेटीची रीत मिस फ्राय ह्यांनीं काढिली असें म्हणणें खरें होणार नाहीं. पण ज्या बांकावर नुकसान सोसणारा विसरला गेला होता, तो बांक त्यांनीं आधींच दाखवून ठेविला होता.

येथें एका गोष्टीचा खुलासा केला पाहिजे. कांहीं वाचक म्हणतील, हें आमच्या गांवांत आहेच. पंच बसतात आणि मिटवितात. बंधूंनो, तें हें नव्हे. भेटीस येणें न येणें हें तेथें पीडिताच्या खुषीवर असतें. तो नाहीं म्हणाला तर कोणी दोष देत नाहीं. प्रथम त्याचें ऐकतात, आणि त्याला काय पाहिजे तें त्याच्याच तोंडून येतें. आमच्याकडे पुष्कळदां उलट होतें. मी स्वतः हें केलें आहे. पाळकपणाच्या पहिल्या वर्षांत मंडळींतील एका बहिणीस तिच्या दिरानें मारलें होतें. मीं दोघांस वडीलमंडळीपुढें बसविलें, तिला क्षमेविषयीं अर्धा तास सांगितलें, प्रार्थना केली, आणि हात मिळवून घरीं पाठविलें. तिचा दात पडला होता. दवाखान्याचा खर्च कोणी केला, कापणीचे किती दिवस बुडाले, त्या घरांत राहावयास तिला भीति वाटते काय, ह्यांतील एकही प्रश्न मीं विचारला नाहीं. तिनें क्षमा केली असेलही. दिरानें भरलें मात्र कांहींच नाहीं, आणि मीं त्याला भरावयास सांगितलें नाहीं.

आमच्या देशांतला कायदा ह्या बाबतींत आतां मागें नाहीं. मागें आहे ती माहिती. दंडाच्या रकमेंतून पीडितास देण्याची सोय १८९८ सालच्या फौजदारी संहितेंतही होती, व १९७३ सालच्या संहितेच्या कलम ३५७ मध्यें ती चालू राहिली. परंतु दंडच नाममात्र झाला तर द्यावयाचें काय? २००८ सालच्या दुरुस्तीनें नवें कलम घातलें गेलें, तें ता. ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झालें, आणि ता. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत तें कलम ३९६ म्हणून आहे. त्याप्रमाणें प्रत्येक राज्यानें पीडितांसाठीं निधि ठेवावयाचा आहे. गुन्हेगाराचा पत्ता लागला नाहीं, खटला उभाच राहिला नाहीं, तरी पीडितास किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांस जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करितां येतो, आणि त्यांनीं दोन महिन्यांत चौकशी पुरी करावी असें कायदा म्हणतो. मिस फ्राय ह्यांनीं मागितलें होतें तें हेंच. महाराष्ट्रानें २०१४ सालीं अशी योजना केली. त्यापूर्वी २०१३ सालीं बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार व आम्लहल्ला ह्यांस बळी पडलेल्यांसाठीं मनोधैर्य योजना निघाली होती. त्याच २०१३ सालीं महाराष्ट्रांतून गेलेल्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, फौजदारी कोर्टानें प्रत्येक खटल्यांत भरपाईचा विचार केलाच पाहिजे व आपलीं कारणें लिहून ठेविलीं पाहिजेत.

एवढें असून आमच्या वस्त्यांवर हें कोणास ठाऊक आहे? फिर्याद देण्याचीच भीति; दिली तर तिची नक्कल मागून घ्यावी हें माहीत नाहीं, आणि नकलेवांचून पुढील अर्ज अडतो. प्राधिकरणाची कचेरी जिल्ह्याच्या कोर्टाच्या आवारांत असते, व तालुक्याच्या कोर्टांत विधी सेवा समिती असते. स्त्रिया, बालकें, अनुसूचित जाति व जमातींचे लोक ह्यांस १९८७ सालच्या कायद्यानें मिळकत न पाहतां फुकट वकील मिळतो. रविवारच्या उपासनेनंतर हें दोन मिनिटांत सांगून होतें. मीं तें आतां वर्षांतून दोनदां सांगावयास आरंभ केला आहे.

गेल्या पावसाळ्यांत एका वस्तीवरील विधवा बहीण माझ्याकडे आली. तिचा नवरा रात्रीं बाजारावरून येतांना मारला गेला. मारणारा सांपडलेला नाहीं. मुलें तीन. फिर्यादीची नक्कल, दवाखान्याचा दाखला व रेशनकार्ड घेऊन आम्ही तालुक्यास गेलों. कारकुनानें प्रथम विचारलें, आरोपीच नाहीं तर अर्ज कशाचा? मीं कलम दाखविलें. त्यानें तें दोनदां वाचलें, आंत जाऊन विचारून आला, आणि अर्ज घेतला. त्या बहिणीस सही येत नाहीं. तिनें आंगठा केला. पोंच माझ्या पवित्र शास्त्रांत ठेवून दिली आहे. पुढील तारीख पौर्णिमेच्या आठवड्यांत आहे.